नांगराची मूठ धरणारा शिक्षक

12 मे 1875 रोजी सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर हल्ला केला. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते. हे लोण पुढे पुणे आणि नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. इतिहासात या घटना ‘दख्खनचे दंगे’ म्हणून ओळखल्या जातात. दंगेखोरांचा मुख्य रोख होता कागदपत्रांवर. कर्जरोखे आणि हुकूमनामे हाती लागले की ते जाळले जात. अक्षर न येणारा कुणबी सहीच्या जागी नांगराची निशाणी करी. वर काय लिहिले आहे, ते त्याला वाचता येत नसे.

सरकारने चौकशी केली आणि 1879 मध्ये शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा केला. शेतकऱ्याचे दस्तऐवज ग्राम-निबंधकासमोर व्हावेत, अशी सोय त्यात होती. पण शेतकऱ्याच्या मुलाला स्वतः वाचता कसे येणार?

हा प्रश्न जोतीराव फुले यांनी 1882 मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे मांडला. प्राथमिक शाळांतील बहुतेक शिक्षक ब्राह्मण असून ते धार्मिक समजुतींमुळे मुलांपासून दूर राहतात, असे त्यांचे म्हणणे होते. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून तयार करावेत. ते मुलांत मिसळतील, त्यांच्या गरजा जाणतील आणि वेळ पडल्यास नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस धरायला लाजणार नाहीत, असे त्यांनी सुचवले. पगार दरमहा किमान 12 रुपये असावा, हेही सांगितले.

यातील एक बारकावा आपण ध्यानात घ्यायला हवा. शेतकऱ्याच्या घरी जन्मलेल्या शिक्षकालाही फुले प्रशिक्षण देऊ पाहत होते, आणि त्यात शेती व आरोग्य यांचे प्राथमिक ज्ञान असावे असे म्हणत होते. म्हणजे मुलांचे जग जाणणे हा शिकण्या-शिकवण्याचा विषय आहे.

आज बारामती-इंदापूरच्या साखर कारखान्यांकडे दर हंगामात ऊसतोडणी कामगारांच्या टोळ्या येतात. त्यांच्यातील बंजारा मुले घरी गोरमाटी बोलतात. असे मूल वर्गात गप्प बसले, तर ‘मंद’ असा शेरा मारण्यापूर्वी आपण त्याच्या घरचे चार शब्द शिकावेत. मोळ्या आणि टनांचा हिशेब फळ्यावर मांडावा. नुसत्या निशाणीवर भागवावे लागण्याची पाळी त्या मुलावर येऊ नये, यासाठी एवढे कष्ट आपण घ्यायलाच हवेत.