डॅनियल इनोये: पलटणीतून सिनेटमध्ये

डॅनियल इनोये यांचा जन्म ७ सप्टेंबर १९२४ रोजी होनोलुलूत झाला. घरावरचे कर्ज फेडण्यासाठी आजोबा जपानहून हवाईच्या ऊसमळ्यावर मजुरीला आले आणि तिथलेच झाले. नातवाला शल्यविशारद व्हायचे होते. ७ डिसेंबर १९४१ला पर्ल हार्बरवर जपानी बॉम्ब पडले, तेव्हा प्रथमोपचार शिकलेला हा सतरा वर्षांचा मुलगा जखमींच्या मदतीला धावला. काही महिन्यांतच अमेरिकी सरकारने त्याच्यासारख्या तरुणांना शत्रुदेशीय ठरवून लष्कराची दारे बंद केली. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर तर सव्वा लाखाच्या आसपास जपानी वंशाचे लोक छावण्यांत डांबले गेले. हवाईत तसे सरसकट झाले नाही, कारण उघड होते: बेटांवरची तिसऱ्या हिश्श्याहून अधिक वस्ती याच लोकांची, त्यांच्याविना मळे आणि गोद्या चालणार कशा?

१९४३मध्ये जपानी वंशाच्या जवानांची वेगळी ४४२वी पलटण उभी राहिली. हवाईकडून दीड हजार जण मागितले होते. पुढे आले दहा हजारांच्या घरात. इनोये वैद्यकाचा अभ्यास सोडून त्यांत दाखल झाले. इटली आणि फ्रान्समधल्या लढायांत त्यांना रणांगणावरच अधिकारीपद मिळाले. २१ एप्रिल १९४५ रोजी टस्कनीतल्या सान तेरेन्झोजवळच्या टेकडीवर पोटात गोळी लागूनही ते जर्मन मशीनगनच्या मोर्च्यांवर चालून गेले. तिसऱ्या मोर्च्यावर फेकायला हातबॉम्ब उगारला असतानाच त्यांचा उजवा हात कोपरापाशी जवळजवळ तुटला. लोंबणाऱ्या हाताच्या मुठीत बॉम्ब तसाच आवळलेला. जवळ येणाऱ्या सोबत्यांना त्यांनी ओरडून मागे सारले, डाव्या हाताने बॉम्ब सोडवून घेतला आणि मोर्च्यावर टाकला. याच इटलीत, बाराच दिवस आधी, सेनिओ नदीकाठी मराठा पलटणीच्या नामदेव जाधवांनी ब्रिटिशांचा सर्वोच्च व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला होता. इनोयेंना मात्र दुसऱ्या क्रमांकाचे पदक मिळाले. सर्वोच्च ‘मेडल ऑफ ऑनर’ हाती पडायला २००० साल उजाडले. त्या वेळी आशियाई वंशाच्या २२ सैनिकांचा जुना हिशेब एकदमच चुकता झाला.

हात गेला, त्याबरोबर शस्त्रक्रियेचे स्वप्नही गेले. मिशिगनच्या लष्करी रुग्णालयात शेजारी बॉब डोल हे दुसरे जखमी अधिकारी होते. आधी कायदा शिकायचा, मग अमेरिकी काँग्रेसमध्ये जायचे, हा डोल यांचा बेत ऐकून इनोयेंनी तोच मार्ग धरला आणि डोल यांच्या आधी तिथे पोहोचले. हवाईत युद्धातून परतलेल्या जपानी वंशाच्या तरुणांनी डेमोक्रॅटिक पक्ष हाती घेऊन १९५४मध्ये मळेवाल्यांची रिपब्लिकन सत्ता उलथली. इनोये त्याच लाटेत प्रादेशिक विधिमंडळात गेले. १९५९मध्ये हवाई अमेरिकेचे राज्य झाले आणि ते त्याचे प्रतिनिधिगृहातले पहिले सदस्य ठरले. शपथेसाठी सभापतींनी उजवा हात वर करायला सांगितले, तेव्हा वर झाला तो डावा हात. १९६२मध्ये ते सिनेटवर निवडून आले.

हाताने दार उघडले, पण पन्नास वर्षे टिकायला एवढे पुरले नसते. इनोये गाजावाजा न करणारे, समित्यांत काम करणारे गृहस्थ होते. १९७३च्या वॉटरगेट घोटाळ्याच्या सिनेट चौकशीमुळे ते घरोघरी ओळखीचे झाले. साक्षीदारांच्या एका वकिलाने तेव्हाही त्यांना वंशावरून हिणवलेच. १९७६मध्ये ते सिनेटच्या गुप्तचर समितीचे पहिले अध्यक्ष झाले, १९८७मध्ये इराण-कॉन्ट्रा शस्त्रविक्री प्रकरणाच्या चौकशीचे सिनेटच्या बाजूचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. छावण्यांचा प्रश्न त्यांनी थेट भरपाईपासून सुरू केला नाही. आधी चौकशी आयोग नेमा, सत्य कागदावर येऊ द्या, असा सल्ला त्यांनी दिला; आयोग १९८०मध्ये स्थापन झाला. त्यातून १९८८चा कायदा आला. सरकारने माफी मागितली आणि छावण्यांतल्या हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर दिले.

खरी ताकद होती ती खर्चाला मंजुरी देणाऱ्या समितीत. तिथून त्यांनी हवाईकडे रस्ते, बंदरे आणि लष्करी तळांसाठी भरघोस निधी वळवला. विरोधकांना ती उधळपट्टी वाटे. इनोये ते कधी लपवत नसत. २०१०मध्ये ज्येष्ठतेनुसार ते सिनेटचे हंगामी अध्यक्ष झाले, म्हणजे राष्ट्राध्यक्षपदाच्या वारसांच्या क्रमात तिसरे.

१७ डिसेंबर २०१२ रोजी, पदावर असतानाच, त्यांचे निधन झाले. आपल्या जागी आपल्याच पक्षाच्या कॉलीन हानाबुसा यांना नेमावे, असे पत्र त्यांनी गव्हर्नरांना लिहिले होते. गव्हर्नरांनी ब्रायन शॅट्झ यांना नेमले. दोन वर्षांनी पक्षांतर्गत निवडणुकीत हानाबुसा त्यांच्याविरुद्ध उभ्या राहिल्या आणि थोडक्या मतांनी हरल्या.