गुप्तहेराची फिरकी : प्रस्तावना

कवठे महांकाळच्या महाविद्यालयात मराठी शिकणाऱ्या विद्यार्थ्याने फ्रेंच विनोदी चित्रपटाकडे का वळावे? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर देण्यासाठीच मी ही प्रस्तावना लिहितो आहे.

३१ डिसेंबर १९९३ रोजी फ्रान्सच्या कॅनाल प्लस वाहिनीवर ‘ला क्लास अमेरिकेन’ हा सुमारे सत्तर मिनिटांचा चित्रपट दाखवला गेला. मिशेल हझानाविशियस आणि डोमिनिक मेझेरेत या दिग्दर्शकांनी वॉर्नर ब्रदर्सच्या जुन्या अमेरिकी चित्रपटांतले तुकडे निवडले, एकापुढे एक जोडले आणि त्यांना नवे फ्रेंच संवाद दिले. सुरुवातीलाच जॉन वेन मरतो. वॉटरगेटवरच्या गंभीर चित्रपटातून उचललेले रॉबर्ट रेडफर्ड आणि डस्टिन हॉफमन हे बातमीदार त्याच्या अखेरच्या शब्दांचा छडा लावायला निघतात. तपासाचा सांगाडा थेट ‘सिटिझन केन’चा आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे वेनसकट कित्येक नटांना आवाज देणारे कलाकार तेच होते, ज्यांच्या आवाजात फ्रेंच प्रेक्षक या नटांना वर्षानुवर्षे ऐकत आला होता. ओळखीचा भारदस्त आवाज भलतेच काही बोलू लागतो आणि हसू फुटते.

हे ओळखणारा फ्रेंच प्रेक्षकाचा कान एका दिवसात तयार झालेला नव्हता. १९४५ मध्ये पॅरिसला ‘सेरी नुआर’ ही रहस्यकथामाला सुरू झाली. तिचे पहिले पुस्तक पीटर चेनी या इंग्रज लेखकाचे होते आणि त्याचा नायक लेमी कॉशन हा अमेरिकी तपास अधिकारी. १९५३ मध्ये एडी कॉन्स्टंटाईनने तो पडद्यावर आणला, आणि १९६५ मध्ये दिग्दर्शक गोदारने त्याच नटाला त्याच भूमिकेत ‘आल्फाविल’च्या भविष्यातल्या शहरात नेऊन सोडले.

आपल्याकडे वाचकाचा असा कान तयार करण्याचे काम रहस्यकथाकार बाबूराव अर्नाळकरांनी केले. एडगर वॉलेससारख्या लेखकांचा आधार घेत त्यांनी हजाराहून अधिक पुस्तके लिहिली. झुंजार, काळापहाड, धनंजय ही नावे घराघरांत पोचवली. ही पुस्तके मराठी समीक्षेने फार काळ दाराबाहेर ठेवली याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण मराठी वाचकाला तपासाची चाल त्यांनीच शिकवली.

फ्रेंच चित्रपट आला त्याच वर्षी, १९९३ मध्ये, महेश कोठारेंचा ‘झपाटलेला’ आला. मूळ कल्पना ‘चाइल्ड्स प्ले’ या अमेरिकी भयपटाची. पण तिथल्या जादूटोण्याच्या जागी इथे मृत्युंजय मंत्र आला, नायक शब्दभ्रमकार झाला आणि रामदास पाध्यांच्या बाहुल्याने तात्या विंचू या खलनायकाला देह दिला. पोलीस इन्स्पेक्टर मात्र इंग्रजी पडद्यावरून उतरल्यासारखा रुबाबदार राहिला. याला निखळ विडंबन म्हणता येणार नाही. नायक झालेल्या लक्ष्मीकांत बेर्ड्यांच्या तोंडावरची भीती खरी वाटते, म्हणूनच तिचे हसू येते. भय आणि हसू एकाच प्रसंगात नांदवण्याची ही रीत मला फ्रेंच रीतीइतकीच अभ्यासाची वाटते.

या मराठी रीतीचे मूळ शोधायला सांगली जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही. रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव, वाटेगावचे अण्णा भाऊ साठे या शाहिरांच्या मुलखात प्रेक्षकाने तमाशाच्या बोर्डावर गवळणीतली मावशी पाहिली आहे. कृष्णकथा ज्याला तोंडपाठ आहे तोच मावशीच्या उलट्या प्रश्नांना हसतो. वगातला शिपाई, कोतवाल यांचीही तीच गोष्ट. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये दादा कोंडक्यांचा हवालदार १९६५ मध्ये नाट्यगृहात पोचला, पण जत्रेतल्या प्रेक्षकाला त्याची जात आधीपासून माहीत होती.

म्हणून या अभ्यासात येणाऱ्याने हसण्याची जागा टिपून ठेवावी. प्रेक्षक कशाला हसला, यावरून त्याने आधी काय काय पचवले आहे ते कळते. ‘सीआयडी’ या हिंदी मालिकेत शिवाजी साटमांचा एसीपी प्रद्युम्न बोटे फिरवत विचार करतो आणि त्याचा सहकारी दया दरवाजा तोडतो. हे प्रसंग शाळा-महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांत किती रूपांनी सादर होतात! कुणी इन्स्पेक्टरला सातारी बोलीत बोलायला लावतो, कुणी खुनाच्या जागी चोरीला गेलेली म्हैस आणतो. या नकला कुणी लिहून ठेवत नाही, आणि करणारी मुले पुढल्या वर्षी गाव सोडून जातात. तुमच्या संमेलनातली अशी एखादी नक्कल तिच्या मूळ भागाशेजारी ठेवून वाचा. कुठला संवाद जसाच्या तसा राहिला, कुठला गावाने बदलला, हे लिहा. पुढची प्रकरणे वाचण्याआधी एवढे केलेत, तर फ्रेंच उदाहरणे परकी वाटणार नाहीत.