मध्यमवर्गाचे स्थलांतर : सातारा व सांगली

मध्यम उत्पन्नाच्या लोकसमूहाचे केंद्र युरोप-अमेरिकेकडून आशियाकडे सरकत आहे. माणशी दररोज १० ते १०० डॉलर खर्चाची मर्यादा धरून अर्थशास्त्रज्ञ होमी खरास यांनी २०१० मध्ये केलेल्या गणनेनुसार, २००९ साली जगातील सुमारे १८० कोटी मध्यमवर्गीयांपैकी ६६ कोटी युरोपात आणि ५२ कोटी आशियात होते. २०३० पर्यंत दोन-तृतीयांश आशियात असतील, असा त्यांचा अदमास होता.

कृष्णाकाठी अशीच उलथापालथ आधी घडून गेली होती. सातारचे राज्य १८४८ मध्ये खालसा झाल्यावर, आणि सांगलीस पटवर्धनांचे संस्थान नांदत असता, इनाम, वकिली, शिक्षकी व मामलेदार कचेरीतील कारकुनी यांवर पोसलेला येथील पांढरपेशा वर्ग बहुतांशी ब्राह्मण होता. १९४८ मध्ये गांधीहत्येनंतर त्याची घरे जाळली गेली, हे क्लेशदायक असले तरी झाकून ठेवण्याजोगे नाही. पाठोपाठ कूळकायद्याने जमिनी कसणाऱ्यांकडे जाऊ लागल्या आणि पुष्कळ कुटुंबे पुण्या-मुंबईस कायमची निघून गेली. मात्र नवा वर्ग केवळ या रिकाम्या जागेवर उभा राहिला, असे म्हणणे अन्यायाचे होईल. भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले येथे स्थापिलेल्या रयत शिक्षण संस्थेने रयतेच्या मुलांना वसतिगृह व शाळा दिली, १९१० मध्ये वसलेल्या किर्लोस्करवाडीने कारखान्यातील कसब दिले, आणि पुढे सहकारी साखर कारखान्यांनी बागायतदाराच्या हाती रोकड दिली.

ज्यांच्याकडे ऊस नव्हता, त्यांची कथा अधिक विलक्षण आहे. पाटणच्या डोंगरातून मुंबईच्या बाजारांत गेलेल्या हमालांना १९६९ च्या माथाडी कायद्याने संरक्षण मिळाले. दुष्काळी खानापूर-आटपाडीचे तरुण गलाईस लागले : सराफाकडील मोडीचे सोने मुशीत वितळवावे, तेजाबाने हीण काढावे व शुद्ध लगड परत करावी, एवढ्या विद्येवर ते केरळ-तमिळनाडूपासून उत्तरेपर्यंत पसरले, आणि विट्याच्या परिसरात त्यांच्या कमाईचे बंगले उभे राहिले.

दैनंदिन खर्चाचे माप या लोकांना पुरते लागू पडत नाही. ऊसबिल हप्त्यांनी येते, आणि गलाईवाल्याची मिळकत परप्रांती तर घरदार गावी असते. जनगणना त्याला तो आढळेल तेथे मोजते. जिल्ह्याच्या आर्थिक इतिहासाने मात्र त्याची नोंद खानापूरच्या खातीच घातली पाहिजे.