४,२९,४९,६७,२९७ (पाचवी फर्मा संख्या)

२ च्या ३२ व्या घातात १ मिळवून येणारी दहा अंकी संयुक्त संख्या. फ्रेंच गणितज्ञ प्येर द फर्मा यांनी १६४० च्या सुमारास असे अनुमान मांडले, की २ चा घातांक स्वतः २ चा घात असेल, तर १ मिळवून येणारी संख्या मूळ असते. ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या पहिल्या पाच संख्यांनी (क्रमांक ० ते ४) अनुमानाला साथ दिली. पुढच्याच संख्येने मात्र ते मोडले. १७३२ मध्ये लेओनार्ड ऑयलर यांनी तिचे ६४१ × ६७,००,४१७ असे अवयव दाखवले. हे दोन्ही अवयव मूळ आहेत.

६४१ ने भाग जातो, हे प्रत्यक्ष भागाकार न करताही सिद्ध होते. ६४१ = ५ × २^७ + १, तसेच ६४१ = ५^४ + २^४. पहिल्या समीकरणानुसार ५ × २^७ ला ६४१ ने भागल्यास बाकी −१ उरते, म्हणून त्याच्या चौथ्या घाताची, म्हणजे ५^४ × २^२८ ची, बाकी १ येते. त्यात ५^४ च्या जागी −२^४ घातले, की २^३२ ची बाकी −१ ठरते. अंकगणितातील देखण्या सिद्धतांपैकी ही एक.

दोन वर्गांची बेरीज म्हणूनही ही संख्या दोन प्रकारे लिहिता येते: ६५,५३६² + १² आणि ६२,२६४² + २०,४४९². मूळ संख्येला असे दोन प्रकार संभवत नाहीत. गंमत म्हणजे फर्मा यांच्याच लघुप्रमेयाची कसोटी ३ हा पाया घेऊन लावली असती, तर संख्या संयुक्त असल्याचे उघड झाले असते. २ हा पाया येथे फसवतो. ६५,५३७ नंतरची एकही मूळ फर्मा संख्या अद्याप सापडलेली नाही.