दोन नामांचा प्रवास : इंग्रजीतील इन्फिनिटिव्ह आणि जेरंड

इंग्रजीच्या अध्यापनात ‘टू’युक्त इन्फिनिटिव्ह आणि ‘इंग’प्रत्ययान्त जेरंड यांची निवड बहुधा याद्यांच्या आधारे शिकवली जाते : ‘होप’, ‘डिसाइड’ यांच्यानंतर पहिले रूप, ‘एन्जॉय’, ‘अव्हॉइड’ यांच्यानंतर दुसरे. या याद्या चुकीच्या नाहीत. परंतु त्या ज्या ऐतिहासिक प्रक्रियेचे अवशेष आहेत, ती प्रक्रिया त्यांत दिसत नाही.

वस्तुतः ही दोन्ही रूपे मूलतः नामेच होत. प्राचीन इंग्रजीत इन्फिनिटिव्हचे ‘एन्ने’प्रत्ययान्त चतुर्थीरूप होते व त्याच्याआधी दिशावाचक ‘टो’ हे अव्यय येई. पुढे प्रत्यय झिजून गेले आणि ‘टू’ हेच इन्फिनिटिव्हचे चिन्ह ठरले. ‘इंग’प्रत्ययान्त भाववाचक नामाचे क्रियापदीकरण मात्र उशिरा झाले. चौदाव्या शतकापासून ते षष्ठीसंबंधाचा आधार सोडून हळूहळू प्रत्यक्ष कर्म घेऊ लागले. इन्फिनिटिव्हने आधीच व्यापलेल्या प्रदेशात हा दुसरा दावेदार आला आणि निवडीचा प्रश्न उद्भवला.

व्याकरणकारांनी या नवागताला लॅटिनमधील ‘जेरंडियम’चे नाव दिले. लॅटिनमध्ये कर्ता व कर्म या स्थानी इन्फिनिटिव्ह येतो, तर जेरंड उरलेल्या विभक्ती पुरवतो. म्हणजे तेथे ही रूपे परस्परपूरक आहेत, प्रतिस्पर्धी नव्हेत. परिणामी उसन्या संज्ञेने इंग्रजीतील स्पर्धा झाकली गेली. रॉबर्ट लाउथ याने 1762 च्या व्याकरणात ‘द’ आणि ‘ऑव्ह’ दोन्ही ठेवावेत किंवा दोन्ही गाळावेत, असा दंडक घातला. अर्धे नाम व अर्धे क्रियापद असलेली संक्रमणकालीन रचना त्यामुळे अशुद्ध ठरली.

अर्थभेदाचा विचार पुढे आला तो विसाव्या शतकात. ड्वाइट बोलिंजर याने 1968 मध्ये जेरंडचा संबंध वास्तवाशी आणि इन्फिनिटिव्हचा संभाव्यतेशी जोडला. ‘स्टॉप्ड स्मोकिंग’ म्हणजे धूम्रपान सोडले. ‘स्टॉप्ड टू स्मोक’ म्हणजे धूम्रपानासाठी थांबला. दुसऱ्या रचनेत ‘टो’चा जुना दिशार्थ अद्याप जिवंत आहे. अर्थात हे सूत्र सर्वव्यापी नाही. ‘सजेस्ट’नंतरची कृती घडलेली नसूनही तेथे जेरंड येतो, ‘मॅनेज्ड’नंतरची घडलेली असूनही इन्फिनिटिव्ह येतो. अर्थाचे तत्त्व आणि रूढीचे थर येथे एकत्र नांदतात.

मराठी भाषकाला हा भेद सर्वस्वी परका नाही. ‘करू इच्छितो’ आणि ‘करणे टाळतो’ यांत इच्छेपुढची कृती ‘ऊ’कारान्त रूपाने, तर टाळण्याचा विषय झालेली कृती नामरूपाने येते. हे साम्य आंशिक आहे. ‘करण्याची आशा’ या प्रयोगातच ते संपते. तथापि यादी पाठ करण्यापूर्वी एवढी जाणीव उपकारक ठरते.

2002 च्या केंब्रिज व्याकरणाने तर जेरंड व वर्तमानकालवाचक धातुसाधित हा भेदच सोडून दोहोंसाठी एकच कोटी मानली. व्याकरणिक कोटी या भाषेत सापडलेल्या वस्तू नसून भाषेविषयी घेतलेले निर्णय असतात, आणि त्या निर्णयांनाही इतिहास असतो. शुद्धाशुद्धतेचा निवाडा देणाऱ्याने हा इतिहास आधी वाचणे आवश्यक आहे.