एक्सपी काही सुटेना

८ एप्रिल २०१४ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीचे सुरक्षा अपडेट बंद केले. बँकांना घाम फुटला, कारण त्यांची असंख्य एटीएम याच प्रणालीवर चालत होती. जुन्या प्रणाली काढून टाकण्यासाठी रिझर्व्ह बँकेला शेवटी जून २०१९ची मुदत घालून द्यावी लागली. मराठी डीटीपीच्या धंद्यात मात्र त्या एप्रिलात फारशी खळबळ माजली नाही. अनेकांनी एक्सपी तशीच चालू ठेवली. त्याला आळस म्हणून मोकळे होता येईल, पण त्यामागचा हिशोब पक्का होता.

ऑल्डस कंपनीचे पेजमेकर १९८५ साली आले. नव्वदच्या दशकात खिळे जुळवणारे मराठी छापखाने त्याच्याकडे वळले, तेव्हा या सॉफ्टवेअरला देवनागरीचा गंधही नव्हता. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची ‘श्रीलिपी’, बंगळूरच्या सायबरस्केपची ‘आकृती’ आणि सी-डॅकचे ‘आयएसएम’ यांनी त्यावर तोड काढली. फॉन्टमधल्या इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागी मराठीचे तुकडे बसवायचे: अर्धा क, काना, वेलांटी, रफार, काही तयार जोडाक्षरे. एकूण जागा अडीचशेच्या आत, त्यामुळे काटकसर भारी. पडद्यावर सुरेख मराठी दिसे. फाइलच्या पोटात मात्र इंग्रजी चिन्हांचा काला. आणि प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने साठवणुकीसाठी ‘इस्की’ ही संकेतप्रणाली ठरवून दिली होती, पण फॉन्टमधल्या तुकड्यांनी कुठे बसावे यावर तिचे बंधन नव्हते. त्यामुळे एकाचा मजकूर दुसऱ्याच्या फॉन्टमध्ये टाकला की तो ‘फुटायचा’.

त्यात भर कुलपाची. यांतली बरीच सॉफ्टवेअर हार्डवेअर लॉकसह विकली जात. संगणकाच्या पाठीमागे प्रिंटरच्या पोर्टात ते डोंगल खोचलेले नसेल तर कळफलक मराठी उमटवायला नकार देई. पुढे नव्या संगणकांतून तो पोर्टच गेला, आणि ६४-बिट विंडोजवर डोंगलचे जुने ड्रायव्हर चालेनात. म्हणजे प्रणाली बदलायची तर लॉकही नवा, सॉफ्टवेअरही नवे, आणि खर्च मालकाच्या खिशातून.

गंमत अशी की, यावरचा उपाय मुंबईतच घडला होता. सुलेखनकार आणि कवी र. कृ. जोशी यांनी विंडोज २०००साठी ‘मंगल’ हा युनिकोड फॉन्ट घडवला. आता अक्षर फॉन्टच्या मर्जीवर नव्हे, ठरलेल्या क्रमांकाने साठवले जाणार होते. पण एक्सपीत ही सोय आयती मिळत नसे. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन खूण करावी लागे आणि विंडोजची सीडी घालावी लागे. मंगलमधले ल आणि श हिंदी वळणाचे. ‘ॲ’ला तर युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ साली मिळाली. शिवाय विंडोजचा मराठी कळफलक इन्स्क्रिप्ट, तर ऑपरेटरांची बोटे मराठी टंकलेखन यंत्रावर तयार झालेली. सर्वांत मोठी अडचण पेजमेकरची: त्याची शेवटची ७.० आवृत्ती २००१ साली निघाली आणि युनिकोड मराठी त्याला कधीच पेलले नाही. ॲडोबीच्या इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांची नीट सोय झाली ती २०१२च्या सुमारास. तोवर नवी प्रणाली घेऊन डीटीपीवाल्याने करायचे काय?

आणि जुन्या फाइलींचे काय? पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढायची तर पहिलीची पेजमेकरमधली पीएमडी फाइल उघडायला हवी. कन्व्हर्टर मिळत, पण ते कुठे रफार पुढच्या अक्षरावर टाकत, कुठे ‘ऱ्य’चा चुराडा करत. तीनशे पानांचे पुस्तक रूपांतरित करायचे म्हणजे तीनशे पानांचे प्रूफ पुन्हा वाचायचे, आणि मुद्रितशोधक ते फुकट वाचत नाही. त्यापुढे कोपऱ्यात एक जुना संगणक राखणे कितीतरी स्वस्त पडे.

धोका अर्थात खरा होता. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ या मालवेअरने जगभरातले संगणक बंद पाडले, तेव्हा न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदरातले मर्स्क समूहाचे टर्मिनलही ठप्प झाले. त्याने पसरण्यासाठी वापरलेल्या विंडोजमधल्या एका छिद्राची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने अपडेट चालू असलेल्या आवृत्त्यांना मार्चमध्येच दिली होती. जुन्या संगणकाची नेटची वायर काढून ठेवायची आणि पीडीएफ पेन ड्राइव्हवरून न्यायची, हा त्यावरचा घरगुती इलाज. पेन ड्राइव्हमधूनही व्हायरस येतोच, ही गोष्ट सोयीस्करपणे विसरून.

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०ची पाळी आली. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते, म्हणून धडधाकट संगणकही नव्या प्रणालीच्या दारात अडतो. युनिकोडात लिहिणाऱ्याला या वेळी मजकुराची काळजी नाही. त्याला फक्त संगणकाची किंमत मोजायची आहे. पीएमडी फाइली सांभाळून बसलेल्याला मात्र अजूनही आधी प्रूफांचा खर्च काढावा लागतो.