वऱ्हाडातील १८९८चे खग्रास ग्रहण आणि दुर्बिणीची उपसाधने

२२ जानेवारी १८९८ रोजी दुपारी चंद्राची सावली विजयदुर्गाजवळ कोकणच्या किनाऱ्यावर आली आणि ईशान्येकडे सरकत सोलापूर जिल्ह्यातील जेऊर, वऱ्हाडातील तळणी, वर्धा नदीपलीकडचे पुलगाव आणि पुढे शहडोल व बक्सर अशी देश ओलांडून गेली. जेऊर आणि तळणी ही दोन ठाणी नकाशावर सरळ रेषेने जोडली, तर ती रेषा दारव्हा परिसरावरून जाते. म्हणजे आज ज्याला यवतमाळ जिल्हा म्हणतात आणि त्या काळी ज्याला वणी जिल्हा म्हणत, त्याचा वायव्य भाग या सावलीच्या पट्ट्यात होता. तरीही त्या ग्रहणाच्या प्रसिद्ध मोहिमांच्या तळांमध्ये दारव्ह्याचे किंवा यवतमाळचे नाव येत नाही, आणि त्याचे कारण शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. मूर्तिजापूरहून यवतमाळला येणारी अरुंद रुळांची गाडी विसाव्या शतकात सुरू झाली. तोवर यवतमाळच्या कापसाला बैलगाडीने धामणगावचे स्टेशन गाठावे लागे, आणि काचेची भिंगे, आरसे व छायाचित्रणाच्या काचा यांनी भरलेल्या पेट्या घेऊन आलेल्या निरीक्षकाला तो रस्ता परवडणारा नव्हता. म्हणून ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनच्या एका तुकडीने धामणगाव आणि पुलगाव यांच्यामधील तळणी येथे, ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या मार्गालगत, मुक्काम केला.

या मोहिमांचा इतिहास दुर्बिणींपेक्षा दुर्बिणीला जोडल्या जाणाऱ्या उपसाधनांचा इतिहास म्हणून वाचला, तर अधिक उलगडतो. उपसाधन म्हणजे मुख्य भिंगाने किंवा आरशाने गोळा केलेला प्रकाश विशिष्ट कामाला लावणारी जोडणी: नेत्रिका, कॅमेरा, लोलक, सूर्याच्या गतीने फिरणारे घड्याळी यंत्र, काच धरणारी चौकट. खग्रास अवस्था जेमतेम दोन मिनिटांची असल्यामुळे कोणत्या प्रश्नासाठी कोणती जोडणी न्यायची, हे मायदेशीच ठरवून यावे लागे, आणि तेथे चुकलेली निवड ग्रहणाच्या ठिकाणी दुरुस्त करता येत नसे.

या निवडीची दोन टोके १८९८ मध्ये महाराष्ट्राच्या भूमीवर एकाच दुपारी वापरात होती. जेऊर येथे अमेरिकेतील लिक वेधशाळेच्या विल्यम वॉलेस कॅम्पबेल यांनी ४० फूट केंद्रांतराचा कॅमेरा उभा केला होता. केंद्रांतर म्हणजे भिंगापासून प्रतिमा उमटते तेथपर्यंतचे अंतर, आणि ते जितके लांब तितकी प्रतिमा मोठी. त्यामुळे या कॅमेऱ्यात सूर्यबिंब सुमारे साडेचार इंच व्यासाचे उमटत असे आणि सूर्याच्या कडेलगतच्या प्रभामंडलाचे, म्हणजे खग्रास अवस्थेतच दिसणाऱ्या त्याच्या बाह्य वातावरणाचे, बारीक तपशील त्यात टिपता येत. इतकी लांब नळी सूर्यामागे फिरवणे शक्य नव्हते, म्हणून नळी स्थिर ठेवून आतली छायाचित्रणाची काच घड्याळी यंत्राने सरकवली जाई.

तळणीला ॲनी मॉन्डर यांनी आणलेला कॅमेरा याच्या अगदी उलट होता. ग्रिनिचच्या वेधशाळेत गणनेचे काम केलेल्या आणि १८९५ मध्ये विवाहामुळे ती नोकरी सोडावी लागलेल्या या विदुषीने केंब्रिजच्या गर्टन महाविद्यालयाच्या अनुदानातून डालमायर कंपनीचे दीड इंच व्यासाचे आणि नऊ इंच केंद्रांतराचे भिंग घेतले होते, आणि आकाशगंगेच्या चित्रणासाठी घेतलेले तेच भिंग त्यांनी ग्रहणाला लावले. त्यात सूर्यबिंब जेमतेम दोन मिलिमीटरचे उमटते. पण केंद्रांतराला व्यासाने भागले असता जेऊरच्या पाच इंची भिंगाचे गुणोत्तर ९६ येते आणि तळणीच्या भिंगाचे ६, आणि पसरट वस्तूच्या प्रतिमेची तेजस्विता या गुणोत्तराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलत असल्याने मॉन्डर यांच्या काचेवर प्रभामंडलाचा अंधूक भाग २५६ पट उजळ पडत होता. त्या काचेवर प्रभामंडलाचा एक किरण सूर्यापासून सुमारे ६० लाख मैलांपर्यंत, म्हणजे सूर्याच्या त्रिज्येच्या सुमारे १४ पट, पसरलेला दिसला, आणि इतका लांब किरण त्यापूर्वी कोणाच्याही छायाचित्रात आला नव्हता. हातात मावेल एवढ्या भिंगाने हे यश मिळवले. ते योगायोगाने मिळालेले नसून अंधूक आणि विस्तृत वस्तूसाठी लघु केंद्रांतरच हवे, या अचूक जाणिवेचे ते फळ होते, आणि त्याचे श्रेय या विदुषीला निःसंकोचपणे द्यायला हवे. ज्या काळात रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे सदस्यत्व स्त्रियांना मिळत नव्हते, आणि ही स्थिती १९१६ पर्यंत टिकली, त्या काळात हे काम झाले, हेही येथे नोंदवणे आवश्यक आहे. आज निहारिकांचे छायाचित्र घेणारा हौशी निरीक्षक दुर्बिणीला केंद्रांतर कमी करणारे भिंग जोडतो, तेव्हा तो हेच गणित वापरत असतो.

तळणीच्याच तळावर जॉन एव्हरशेड यांनी निराळी जोडणी वापरली. लोलक-कॅमेरा म्हणजे भिंगापुढे काचेचा लोलक बसवलेला कॅमेरा. त्यात प्रकाशाला फट लागत नाही, कारण चंद्राच्या कडेमागून डोकावणारी सूर्याची अरुंद चंद्रकोरच फटीचे काम करते आणि प्रत्येक रंगाची एक स्वतंत्र कोर काचेवर उमटते. एव्हरशेड यांच्या काचांवर हायड्रोजनच्या रेषा जंबुपार भागात एकमेकींजवळ येत जिथे संपतात, त्या ३६४६ अँगस्ट्रॉमच्या मर्यादेपलीकडे सौरज्वालांचा अखंड प्रकाश नोंदला गेला. मोकळा इलेक्ट्रॉन अणूत परत पकडला जाताना हा प्रकाश बाहेर पडतो, हे स्पष्टीकरण अणूची नवी रचना मांडली गेल्यावर, म्हणजे १९१३ नंतरच, शक्य झाले.

या सर्वांना आधार होता तो कोरड्या काचेचा. १८६८ च्या ग्रहणात गुंटूर येथे ब्रिटिश निरीक्षक टेनंट यांनी छायाचित्रे घेतली तेव्हा ओली काच वापरावी लागे, आणि ती लेप देऊन, प्रकाश दाखवून, वाळण्याआधीच धुवावी लागत असल्याने अंधारखोलीचा तंबू दुर्बिणीशेजारीच हवा असे. जिलेटिनचा लेप दिलेली कोरडी काच आल्यावर ती आधी भरून ठेवता येऊ लागली आणि दोन मिनिटांत अनेक काचा बदलण्याची कवायत शक्य झाली.

विजयदुर्ग किल्ल्यात ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर यांच्या तुकडीने उपकरणांसाठी बांधलेले चौथरे ‘साहेबाचे ओटे’ म्हणून आजही दाखवले जातात. लॉकयर यांना हेलियमचा शोध १८६८ मध्ये याच किल्ल्यावरून लागला, असे अनेकदा सांगितले जाते. पण ते त्या वर्षी इंग्लंडमध्ये होते आणि त्यांनी सौरज्वालांचे वर्णपट ग्रहणाविना तेथेच पाहिले होते. किल्ल्याचे खरे महत्त्व १८९८ चे आहे, आणि ते पुरेसे मोठे आहे.

जेऊरला कॅम्पबेल यांच्याबरोबरच पुण्याचे कावसजी दादाभाई नेगमवाला यांची तुकडीही होती. भावनगरच्या तख्तसिंहजी महाराजांच्या देणगीतून आणि मुंबई सरकारच्या साहाय्यातून पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात उभारलेल्या वेधशाळेचे ते प्रमुख होते, आणि तेथील डब्लिनच्या ग्रब यांची २० इंची परावर्तक दुर्बीण त्यांनी मुख्यतः वर्णपटाच्या कामासाठी सज्ज केली होती. जेऊरच्या निरीक्षणांचा त्यांचा अहवाल १९०२ मध्ये प्रसिद्ध झाला. ते निवृत्त झाल्यावर १९१२ मध्ये ती दुर्बीण कोडाईकनालला गेली, आणि तळणीला लोलक-कॅमेरा लावणारे एव्हरशेड त्याच सुमारास तेथील वेधशाळेचे संचालक होते.